मत कुणाचं, मीठ कुणाचं?

जत्रेतला जडीबुटीवाला आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलेला असेल. रस्त्याच्या कडेला सतरंजी, तिच्यावर मुळ्या, साली, रंगीत बाटल्या आणि त्याची अखंड बडबड. गर्दी जमते, पण खिशात हात कुणीच घालत नाही. मग मागून एकजण पुढे येतो. "मागच्या बाजाराला नेलं होतं, आईची गुडघेदुखी पळाली. आणखी दोन पुड्या द्या!" झालं. त्याच्यापाठोपाठ दहाजण पैसे काढतात. संध्याकाळी जत्रा उठली की तोच गृहस्थ जडीबुटीवाल्याच्या शेजारी बसून भजी खाताना दिसतो. अशाला आपल्याकडे 'पेरलेला माणूस' म्हणतात.

जडीबुटीवाल्याचा आपल्याला राग येत नाही. तो माल खपवायलाच बसलेला असतो आणि ते आपल्याला ठाऊक असतं. त्याच्या बोलण्यातलं निम्मं आपण मनातल्या मनात वजा करूनच ऐकतो. पेरलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र ही वजाबाकी करायची सोयच राहात नाही, कारण तो आपल्यातलाच एक म्हणून बोलतो. त्या पुडीने गुडघे बरे होतीलही कदाचित! प्रश्न तो नाहीच. आपण कुणाचे आहोत हे त्याने लपवलं, प्रश्न तो आहे.

मैत्रिणींनो, आता त्यासाठी जत्रेला जायची गरज उरलेली नाही. हातातल्या फोनमध्ये ती बारा महिने भरलेली असते. नवा फोन घ्यायचा तर मुलगा चार व्हिडिओ बघतो आणि सांगतो, "आई, सगळे म्हणतात हाच घे." मुलीच्या अभ्यासाचं ॲप, सासूबाईंच्या मनगटावरचं नाडी मोजणारं घड्याळ, दारावरचा कॅमेरा, प्रत्येकाबद्दल सांगणारे जाणकार तिथे हजर. आणि केवळ वस्तूंबद्दलच नव्हे, बरं का. कुठल्या कंपनीने कुणाची नक्कल केली, आपली खाजगी माहिती कोण गोळा करतंय, सरकारने कुठला कायदा करावा, यावरही रोज बातम्या येतात आणि बातम्यांपेक्षा मतं जास्त येतात. घरातली साठवलेली रक्कम आपण या 'सगळे म्हणतात'च्या भरवशावर दुकानात मोजतो. तेव्हा हे 'सगळे' म्हणजे नक्की कोण आणि त्यांच्या ताटात कोण वाढतं, हे विचारणं म्हणजे काही चोंबडेपणा नव्हे.

हाच प्रश्न एकदा भर कोर्टात विचारला गेला होता.

न्यायाधीशांनी यादी मागितली

प्रकरण अमेरिकेतलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टातलं. वादी ओरॅकल, प्रतिवादी गूगल. दोन्ही कंपन्या गडगंज. 'जावा' नावाची संगणकाची एक भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली लोकांपुढे आणली होती. २०१० च्या जानेवारीत ओरॅकलने ही सन कंपनीच विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलवर दावा ठोकला. आपल्यातल्या बहुतेकींच्या फोनमध्ये जी अँड्रॉइड प्रणाली असते, ती बनवताना गूगलने जावातल्या सुमारे साडेअकरा हजार ओळी जशाच्या तशा उचलल्या, हे भांडणाचं मूळ.

घरच्या भाषेत सांगायचं तर असं समजा. एका बाईने आपल्या फडताळातल्या डब्यांना नावं दिली आणि ते एका ठराविक क्रमाने लावले. दुसरीने आपल्या घरात तीच नावं, तोच क्रम ठेवला. डब्यांच्या आतले मसाले मात्र स्वतः कुटून भरले. पहिलीकडे हात बसलेल्या स्वयंपाकिणीला दुसरीच्या घरी चाचपडावं लागू नये, एवढ्यासाठी. ही चोरी म्हणायची की नाही? अब्जावधी डॉलरचा सवाल होता. चांगली शिकलीसवरलेली माणसं दोन्ही बाजूंनी हिरीरीने बोलत होती. कायद्याचे प्राध्यापक, संगणकतज्ज्ञ, पेटंटचे अभ्यासक रोजच्या रोज खटल्यावर लिहीत होते, आणि वर्तमानपत्रं त्यांचीच वाक्यं छापत होती.

खटला चालवणारे न्यायाधीश विल्यम ॲल्सप. गंमत म्हणजे हे गृहस्थ हौसेखातर स्वतः संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत. ३१ मे २०१२ रोजी त्यांनी असा निर्णय दिला, की डब्यांच्या या मांडणीवर कॉपीराइट सांगता येत नाही. ओरॅकल अपिलात जाणार हे उघडच होतं. आणि मग ७ ऑगस्टला त्यांनी एक आगळाच हुकूम काढला. या खटल्यावर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांपैकी ज्यांना ज्यांना तुम्ही किंवा तुमच्या वकिलांनी पैसे दिले असतील, त्यांची नावं दोन्ही कंपन्यांनी कोर्टाला कळवावीत! त्यामागचा विचार साधा होता. उद्या वरच्या कोर्टात कुणी एखाद्या लेखाचा आधार घेतला, तर त्या लेखामागे पैशाचं नातं होतं की नाही हे समजायला हवं.

ओरॅकलच्या उत्तरात एक नाव ठळक होतं, फ्लोरिअन म्यूलर. हे जर्मनीतले. पेटंटच्या भांडणांवर ते सतत लिहीत आणि जगभरचे वार्ताहर त्यांना तज्ज्ञ म्हणून उद्धृत करत. न्यायाने हेही सांगायला हवं, की ओरॅकल आपली अशील झाली आहे असं म्यूलर यांनी स्वतःच एप्रिल २०१२ मध्ये, खटला उभा राहिला त्याच सुमारास, वाचकांना सांगून टाकलं होतं. म्हणजे त्यांच्या बाजूने लपवाछपवी नव्हती. पण अशा माणसाचं वाक्य दहा ठिकाणी छापून येतं, तेव्हा दहाही ठिकाणी ते नातं सोबत छापलं जातंच असं नाही. बातमी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते तशी तळटीप गळून पडते आणि मत तेवढं शिल्लक राहतं. आपल्याकडे पाककृती पाठवताना 'मीठ चवीनुसार' गळतं ना, तसंच.

गूगलचं उत्तर जास्त मासलेवाईक. या खटल्यावर लिहिण्यासाठी आम्ही कुणालाही पैसे दिलेले नाहीत, असं कंपनीने सांगितलं. शब्द नीट पाहा हं: 'या खटल्यावर लिहिण्यासाठी'. पुतण्याला दर दिवाळीला पाकीट देणारा काका निवडणुकीच्या वेळी म्हणाला, की मताबद्दल मी त्याला छदाम दिलेला नाही, तर ते खोटं म्हणता येत नाही. पण खरं तरी कसं म्हणायचं? न्यायाधीशांना हे काही पटलं नाही. २० ऑगस्टला त्यांनी गूगलला पुन्हा बजावलं: ठराविक लेखाचे पैसे मोजले का, एवढंच मी विचारलेलं नाही. सल्लागार, नोकर, देणग्या घेणाऱ्या संस्थांची माणसं, ज्यांनी खटल्यावर भाष्य केलं त्यांची नावं द्या. यादी अशक्य कोटीतली लांब होईल असा सूर गूगलने लावला होता. त्यावर, जमेल तेवढी द्या, अशक्य ते कुणी मागत नाही, अशा अर्थाचा टोला न्यायाधीशांनी हाणला.

मग २४ ऑगस्टला गूगलची यादी आली. तिच्यात कंपनीचे नोकर होते, सल्लागार होते, गूगल जिची सभासद आहे अशा एका उद्योगसंघटनेचे प्रमुख होते. पैसे भाष्यासाठी दिलेले नाहीत हे कंपनीने पुन्हा सांगितलंच. सप्टेंबरच्या सुरुवातीला न्यायाधीशांनी जाहीर केलं, की यापुढे या बाबतीत काही कारवाई करायची नाही. कुणाला शिक्षा झाली नाही, दंड झाला नाही. नावं तेवढी कागदावर आली.

एवढ्यासाठी एवढं? असं कुणी म्हणेल. मला विचाराल तर नावं कागदावर येणं, हीच त्यातली मोठी गोष्ट. कारण पैसे घेतले म्हणजे मत खोटंच, असं मुळीच नाही. पुढे मे २०१४ मध्ये अपील कोर्टाने कॉपीराइटच्या मुद्द्यावर ओरॅकलचीच बाजू उचलून धरली. आणि ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी गूगलने केलेला वापर रास्त ठरवला. म्हणजे ज्या प्रश्नावर न्यायमूर्तींचंही एकमत नाही, त्यावर कुणी ओरॅकलकडून बोललं काय किंवा गूगलकडून बोललं काय, तो लबाड ठरत नाही. वकील पैसे घेऊनच बोलतो. पण त्याच्या अंगात काळा कोट असतो! तो कुणाचा आहे हे कोर्टातल्या शिपायालाही ठाऊक असतं. तज्ज्ञाच्या अंगात असा कोट नसतो, म्हणून तो आपण होऊन सांगावा लागतो.

पैसे कोण देतंय?

याच्या आदल्या वर्षीची, मे २०११ मधली एक हकीकत आहे. तीही मोठी बोलकी आहे. बर्सन-मार्स्टेलर ही अमेरिकेतली नामांकित जनसंपर्क कंपनी. तिच्या माणसांनी ख्रिस्तोफर सोघोइअन या खाजगी माहितीच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संशोधकाला पत्र पाठवलं. गूगलची एक सोय लोकांच्या खाजगी माहितीत नाक खुपसते आहे, त्यावर तुम्ही लेख लिहा, मजकूर तयार करायला आम्ही मदत करू, तो छापून आणायलाही मदत करू, असा त्याचा आशय. लेख अर्थातच सोघोइअन यांच्या नावावर.

सोघोइअन यांनी उलट टपाली एकच गोष्ट विचारली. याचे पैसे कोण देतंय? उत्तर आलं, की अशिलाचं नाव आत्ता सांगता येत नाही. त्यांनी काय करावं? सगळा पत्रव्यवहारच जसाच्या तसा जाहीर करून टाकला! मग शोधाशोध सुरू झाली. मायक्रोसॉफ्ट असेल, ॲपल असेल, असे तर्क लढवले गेले आणि दोनचार दिवसांत उघडकीस आलं, की पडद्यामागे फेसबुक आहे. फेसबुकने ते कबूलही केलं. या कामावर असलेले जनसंपर्क कंपनीचे दोघे पूर्वाश्रमीचे पत्रकार होते, त्यातला एक तर तंत्रज्ञानाच्याच बातम्या देणारा. वार्ताहराला कुठे गुदगुल्या होतात हे वार्ताहराइतकं कुणाला कळणार?

गूगलबद्दलची ती शंका सर्वस्वी निराधार होती असं नव्हे. पण खाजगी माहितीच्या बाबतीत गूगलला नाव ठेवणारी फेसबुक आहे हे माहीत असतं, तर वाचकाने ती तक्रार वेगळ्या कानाने ऐकली असती. दोन सवतींच्या भांडणात एकीने दुसरीबद्दल सांगितलेलं खरं असू शकतं, पण सांगणारी सवत आहे हे कळायला तर हवं!

तज्ज्ञांचं हे झालं. सामान्य गिऱ्हाइकाच्या वेषातली माणसं पेरणं तर आणखी सोपं. तैवानमध्ये २०१३ साली सॅमसंगवर हाच ठपका आला. भाड्याने लिहिणारे आणि काही नेमलेले नोकर, हे सामान्य लोक असल्याच्या आविर्भावात सॅमसंगच्या फोनची तारीफ आणि तिथल्याच एचटीसी या कंपनीच्या फोनची निंदा लिहीत होते. तैवानच्या व्यापार आयोगाने ऑक्टोबरमध्ये सॅमसंगला १ कोटी तैवानी डॉलर दंड केला. ज्यांच्यामार्फत हे चाललं होतं त्या जाहिरात करणाऱ्या दोन कंपन्यांनाही वेगळा दंड झाला.

ज्यांची मुलं खेळांचे व्हिडिओ तासन्‌तास बघतात त्या आयांनी पुढची गोष्ट जरूर वाचावी. २०१३ च्या अखेरीला मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हे खेळाचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या प्रसारासाठी मशिनिमा नावाच्या कंपनीने लोकप्रिय खेळाडू पोरांना पैसे देऊन व्हिडिओ बनवून घेतले. दोघांना मिळाले अनुक्रमे १५ हजार आणि ३० हजार डॉलर. त्याखालच्यांना दर हजार प्रेक्षकांमागे १ डॉलर. पाहणाऱ्या मुलांना वाटलं, दादा मनापासून सांगतोय! पैसे मिळालेत हे सांगायला कुणी भागच पाडलं नव्हतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हे प्रकरण हाती घेतलं आणि २०१५ साली मशिनिमाला यापुढे असं न करण्याची अट मान्य करावी लागली.

गूगलच्या पिक्सेल ४ या फोनची तऱ्हा जरा निराळी. २०१९-२० मध्ये अमेरिकेत रेडिओवर त्याच्या सुमारे २९ हजार जाहिराती वाजल्या. लोकांच्या ओळखीचे रेडिओ निवेदक आपापल्या आवाजात सांगत, की मी या फोनने रात्रीचे काय सुरेख फोटो काढलेत! प्रत्यक्षात जाहिराती ध्वनिमुद्रित झाल्या तेव्हा बहुतेकांच्या हातात तो फोन पडलेलाच नव्हता. इथे जाहिरात आहे हे ऐकणाऱ्याला कळत होतं. खोटं होतं ते 'मी वापरला' हे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि सात राज्यांशी झालेल्या तडजोडीत गूगल आणि आयहार्टमीडिया या रेडिओ कंपनीला मिळून ९४ लाख डॉलर भरावे लागले. न चाखलेल्या भाजीचं कौतुक एवढं महागात पडलेलं मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

आपल्या तोंडून त्यांचं बोलणं

कधीकधी कंपनीला तज्ज्ञही नको असतो आणि खेळाडू दादाही नको असतो. तिला हव्या असतात तुम्ही-आम्ही. २००१ साली मायक्रोसॉफ्टवर अमेरिकेत मक्तेदारीचा खटला चालू असताना यूटा राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे नागरिकांची सुमारे चारशे पत्रं आली. मायक्रोसॉफ्टला फार छळू नका, असा त्यांचा सूर. चौकशी केली तर त्यातली दोन पत्रं चक्क मेलेल्या माणसांच्या नावाची निघाली! छापील पत्रं घरोघर गेली होती आणि घरच्यांनी मृताचं नाव खोडून स्वतःची सही ठोकून ती टपालात टाकली होती. एका पत्रावरचा पत्ता तर 'टूसॉन, यूटा' असा. या नावाचं गाव त्या राज्यात नाहीच. या मोहिमेमागच्या एका संस्थेला मायक्रोसॉफ्टकडून पैसा मिळत होता, हे लॉस एंजेलिस टाइम्सने छापलं.

आपण हसतो खऱ्या, पण डिसेंबर २०१५ आठवा. फेसबुकची 'फ्री बेसिक्स' ही योजना भारतात यावी की नाही, याबद्दल ट्राय या सरकारी नियामक संस्थेने लोकांची मतं मागवली होती. आपल्या वर्तमानपत्रांत फेसबुकच्या पानपानभर जाहिराती झळकल्या. मार्क झुकरबर्ग यांनी लिहिलेल्या लेखात तर आपल्या महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचा दाखला होता. त्याच वेळी फेसबुक उघडलं की एक तयार मजकूर समोर येई. बोट टेकवलं की आपल्या नावाने तो ट्रायकडे जाई. कितीजणींनी काय पाठवतोय हे न वाचताच बोट टेकवलं असेल! जाहिरात फेसबुकची आहे हे तरी दिसत होतं. पण ट्रायकडे लाखांनी गेलेल्या त्या निरोपांत ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती आणि ट्रायने ते फेसबुकला खरमरीत शब्दांत सुनावलं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी अशा भेदभावाच्या दरांना बंदी घालणारा नियम झाला.

सगळेच असे असतात असं मात्र समजू नका. अमेरिकेत तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या कारा स्विशर या नामवंत पत्रकार. त्यांच्या तेव्हाच्या पत्नी मेगन स्मिथ गूगलमध्ये मोठ्या हुद्द्यावर होत्या. स्विशर यांना गूगलवरही लिहावं लागे. त्यांनी काय केलं, तर हे नातं, गूगलच्या समभागांमुळे घरात येणारा पैसा, हे सगळं तपशीलवार लिहून वाचकांपुढे कायमचं ठेवलं. ज्याला पटेल त्याने वाचावं. त्यांचेच सहकारी वॉल्ट मॉसबर्ग अनेक वर्षं वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये नव्या यंत्रांबद्दल लिहीत. ज्या कंपन्यांवर लिहितो त्यांच्याकडून पैसे, फुकटच्या वस्तू काही घेत नाही, असं त्यांनीही जाहीरपणे लिहून ठेवलं होतं. नवरा-बायकोची नोकरी ही खाजगी बाब, ती का सांगायची, असं आपल्याला वाटेल. पण धाकट्या जावेने तिच्या भावाच्या दुकानातून कपाट घ्यायला सुचवलं, तर तो भाऊ आहे हे ती आधी सांगते की नाही? सांगितलं तर आपण खुशाल घेतो. मागाहून कळलं तर कपाट चांगलं निघूनही मनात सल राहतो.

आणि नातं काही नेहमी नोटांच्या पुडक्याचं नसतं. फोन बाजारात यायच्या आधीच परीक्षणासाठी घरपोच येतो. ठरलेल्या तारखेच्या ठरलेल्या तासाआधी त्यावर बोलायचं नाही, एवढी अट. म्हणून तर एका संध्याकाळी एकाच वेळी पंधराजण एकाच फोनवर बोलताना दिसतात. ज्याचं बोलणं कंपनीला रुचलं नाही त्याच्याकडे पुढचा फोन आठवडाभर उशिरा आला, की त्याचे प्रेक्षक पळाले! कुणी काही बोललेलं नसतं, पण शहाण्याला समजतं. विमानाचं तिकीट आणि पंचतारांकित हॉटेलातला मुक्काम हे आणखी एक. व्हिडिओखाली 'इथून घ्या' अशी जी ओळ असते, तिच्यावरून खरेदी झाली तर सांगणाऱ्याला दलाली मिळते हेही पुष्कळजणींना ठाऊक नसतं. दलालीत वाईट काही नाही. पण 'घेऊ नका' या सल्ल्यावर दलाली मिळत नाही, एवढं लक्षात असू द्यावं. आमच्या धंद्यातही सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही. लेखासारखा दिसणारा मजकूर आणि कोपऱ्यात मुंगीएवढा 'जाहिरात' हा शब्द, हे मासिकांनी फोनच्या कितीतरी आधी शोधून काढलेलं आहे.

आपल्याकडचे नियम

आपल्या देशात या बाबतीत नियम झालेत आणि ते बरे आहेत. मुंबईची ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही जाहिरातवाल्यांनीच १९८५ साली स्थापन केलेली संस्था. २०२१ साली तिने असं ठरवून दिलं, की कंपनीशी नातं असेल तर तसं सुरुवातीलाच, ठळक आणि लोकांना समजेल अशा शब्दांत लिहायचं. 'आणखी वाचा' वर बोट टेकवल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी ते दडवायचं नाही. त्यानंतर सरकारी नियम आले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं, ९ जून २०२२ रोजी फसव्या जाहिरातींबद्दलची नियमावली निघाली आणि जानेवारी २०२३ मध्ये, फोनवरून शिफारशी करणाऱ्यांनी काय काय सांगायचं याची सूचना निघाली. पैसे, फुकट वस्तू, सवलत, सहल, हॉटेल, बक्षीस हे तर तिच्यात आहेच; शिवाय घरचं नातं आणि नोकरीचं नातंसुद्धा आहे. स्विशर बाईंनी आपखुशीने केलं ते आपल्याकडे नियमात आलं म्हणा ना! फसव्या जाहिरातीबद्दल पहिल्या खेपेला १० लाख रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्याला वर्षभर, आणि दुसऱ्यांदा तीन वर्षांपर्यंत, शिफारशी करायला बंदीही होऊ शकते.

पण या कापडाला एक भोक आहे. हे नियम माल आणि सेवा खपवण्याबद्दलचे आहेत. 'अमक्या कंपनीवर खटला भरणं चूक', 'तमका कायदा आणला तर देश मागे पडेल', असं एखादा तज्ज्ञ लिहितो तेव्हा तो काही विकत नसतो. त्याचा सल्लागाराचा पगार त्याच कंपनीतून येत असला तरी तो सांगायचा की नाही हे बहुतांशी त्याच्या आणि छापणाऱ्याच्या मनावर राहतं. अमेरिकेतल्या त्या न्यायाधीशांचा हुकूम एवढा गाजला तो यामुळेच. आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. चुकीच्या फोनने आपले पंधरा-वीस हजार जातात. मुलांच्या अभ्यासाच्या ॲपने त्यांची कुठली माहिती कुणाला द्यावी, हे ठरवणारा कायदा चुकला तर त्याची किंमत दुकानातल्या पावतीवर दिसत नाही.

तेव्हा घरी काय करायचं? मत वाचलं की आधी खाली जाऊन लिहिणाऱ्याची ओळख वाचावी. 'सल्लागार', 'संस्थापक', 'अमुक प्रतिष्ठानशी संबंधित' असे शब्द दिसले तर त्या प्रतिष्ठानाला देणग्या कोण देतं ते मुलांना शोधायला सांगावं. पोरांना अशा कामात भारी उत्साह असतो. फोनच्या परीक्षणात एकही दोष सांगितलेला नसेल तर जरा थांबावं. ज्याने आठ महिने वापरला त्याचं बोलणं शोधावं, पहिल्या दिवशीचं नव्हे. अभिप्रायांत एकच वाक्य चार नावांखाली दिसलं, तर ती चार माणसं एकाच सतरंजीवर बसलेली आहेत असं खुशाल समजावं. आणि ओळखीचा कुणी, भाऊजी असोत की मुलाचे क्लासवाले सर, एखाद्या ॲपची फारच भलामण करू लागला, तर हसतहसत विचारायला काय हरकत आहे, "काय हो, तुम्हाला यात काही मिळतं का?" ज्याला मिळत नाही त्याला राग येत नाही, असा माझा अनुभव आहे. ज्याला मिळतं आणि जो सांगतो, त्याच्याकडून घ्यायलाही हरकत नाही.

पैसे घेऊन केलेली पण तसं न सांगितलेली शिफारस आढळली तर तक्रार करता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथे मराठीतूनही बोलता येतं. जाहिरातीबद्दलची तक्रार ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडेही करता येते. फोन करण्याआधी त्या मजकुराचा किंवा व्हिडिओचा, तारीख दिसेल असा फोटो फोनमध्ये काढून ठेवावा. तक्रारीचा वास आला की 'जाहिरात' हा शब्द रातोरात उगवू शकतो.